बापूकाकांची आंघोळ

तुळजापुरात बापूकाका पुजाऱ्यांना चुकून शिवलात की तुमचा दिवस गेलाच म्हणून समजा. ते पुन्हा आंघोळीला बसणार, अन् ती संपेपर्यंत तुम्हाला समोर उभं करून सोवळ्यावर व्याख्यान देणार. मी त्यांचा शेजारी. शाळामास्तर. आधी चहा, मग आंघोळ, असा माझा क्रम. म्हणून त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "ए पारोशा!" एवढंच. आंघोळीवाचून ते पाण्याचा घोट घेत नसत, मग देवीच्या कुंकवाला हात लावणं तर लांबच.

आमचा जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सोलापुरात कापडाच्या दुकानात कामाला असलेला एक मारवाडी त्यांचा यजमान होता. त्याची आई तिकडं जैसलमेरच्या वाळवंटात. "महाराज, तिला आता इथवर येणं व्हायचं नाही. तुमच्या हातचं कुंकू एकदा तिच्या कपाळाला लागावं," एवढं तो म्हणाला.

"त्यात काय! जातो की," बापूकाका म्हणाले. अन् माझ्याकडं वळून, "तुला सुट्टीच हाय पारोशा. चल."

पोकरणपर्यंत रेल्वे. जिथं गाडी थांबेल तिथं हे नळाखाली! दोनदा मी त्यांना ओल्या धोतरानिशी चालत्या गाडीत ओढलं. पुढं मालमोटार, मग उंट. उंटावर मात्र त्यांचं सोवळ्यावरचं व्याख्यान बंद झालं. चहूकडं नुसती वाळू.

"अरे, हितं माणसं राहतात कशी?" ते सारखं विचारत होते.

भर उन्हात पोचलो. उंटवाला आम्हाला सोडून गेला. एकच झोपडी, आसपास दुसरं घर नाही. यजमानाचा म्हातारा बाप जनावरं घेऊन चाऱ्यासाठी लांब गेलेला. खाटेवर तापानं फणफणलेली म्हातारी, जवळ तिची सून.

बापूकाकांनी आपल्या दखनी हिंदीत हुकूम सोडला, "बेटी, पानी लाव. दो घागर!"

सून सासूकडं बघत राहिली. म्हातारीनं मान हलवली. दोन घागरी बाहेर आल्या.

"काका, थोडक्यात आटपा," मी म्हणालो.

"गप रे! देवीचं कुंकू हाय."

गंगेचं, यमुनेचं, सगळ्या नद्यांचं नाव घेत त्यांनी दोन्ही घागरी अंगावर रित्या केल्या. वाळूनं ते पाणी बघता बघता गिळून टाकलं. सुनेनं रिकाम्या घागरी डोक्यावर घेतल्या अन् चालू लागली.

"किधर?" मी विचारलं.

"कुएँ पर. दो कोस."

मी सर्दच झालो. म्हणजे घरात दुसरं पाणी नव्हतंच! होतं नव्हतं तेवढं या बाबानं अंगावर ओतलं, अन् त्या बाईनं चकार शब्द काढला नाही. आमच्या तांब्यातलंही वाटेतच संपलेलं.

काका आपले कुंकवाची पुडी सोडत होते. म्हातारीनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"पाणी पाज की रे तिला," ते म्हणाले.

"कुठलं पाजू? तुम्ही आंघोळ केलीत ना!" मी ओरडलोच.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पुडी तशीच माझ्या पारोशा हातात कोंबली अन् धावत सुटले. साठीचा माणूस, तापल्या वाळूत, अनवाणी, त्या सुनेच्या मागं! मी म्हातारीला वारा घालत बसलो. जीव नुसता टांगणीला लागला होता.

दिवस कलल्यावर दोघं आले. एक घागर सुनेच्या डोक्यावर, एक बापूकाकांच्या. चामड्याच्या मोटेनं काढलेलं ते पाणी, एरवी त्यांनी बोटानं शिवलं नसतं. त्यांनी स्वतः म्हातारीचं डोकं उचलून तिला घोटघोट पाजलं.

तेवढ्यात सुनेनं उरलेली भरली घागर काकांपुढं सरकवली. "महाराज, स्नान."

काकांनी तिला हात जोडले. घामानं अन् धुळीनं माखलेलं बोट तसंच कुंकवात बुडवून त्यांनी म्हातारीच्या कपाळाला लावलं. मग तिच्या पायांवर डोकं ठेवून ते हमसून हमसून रडले.