इंजिन मळवण्याची कला

मी त्या दिवशी बाथरूमच्या नळाचा वॉशर आणायला निघालो होतो, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पण वॉशरच्या दुकानाला खेटून एक नवीन दुकान उघडलं होतं आणि त्याच्या काचेत वाफेचं एक इंजिन उभं होतं. हातभर लांब! चाकं, दांडे, पायऱ्या, अगदी शिट्टीसुद्धा. शेजारी त्याचाच एक बंद खोका आणि त्यावर ठळक अक्षरांत, 'स्वतः जोडा'.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, शाळेत असताना मी मॉडेलं बनवणारा माणूस होतो! विमानं, जहाजं, एकदा तर रणगाडा. (रणगाड्याची तोफ उलटी चिकटली आणि तो कायम स्वतःच्याच ड्रायव्हरवर नेम धरून बसला, पण ते सोडा.) पुढे परीक्षा, नोकरी, लग्न या भानगडींत सगळं सुटलं. हल्ली मी एका विमा कंपनीच्या आवक-जावक विभागात पाकिटं चिकटवतो. म्हणजे गोंदाशी संबंध अगदीच तुटला होता असं नाही.

मी दुकानात कधी शिरलो, खोका कधी उचलला, काही कळलं नाही. कपाळावर भिंग चढवलेले एक गृहस्थ काउंटरमागे बसले होते.

"पूर्वी बरंच काम केलेलं दिसतंय," ते म्हणाले.

"कशावरून ओळखलंत?"

"खोका हलवून बघितलात. नवखे लोक नुसतं चित्र बघतात."

झालं! इतक्या वर्षांत मला कोणी 'काम केलेला माणूस' म्हटलं नव्हतं. मी खोका घेतला, रंग घेतले, ब्रश घेतले, चिमटा घेतला आणि तरंगतच घरी आलो.

"वॉशर?" बायकोने दार उघडत विचारलं.

"इंजिन," मी म्हणालो.

बायको हॉस्पिटलात नर्स आहे. समोरच्या माणसाला नेमकं काय झालंय हे ती नुसतं बघून ओळखते. तिने माझ्याकडे, खोक्याकडे आणि आत टपटपणाऱ्या नळाकडे आळीपाळीने पाहिलं. माझी बोबडी वळली.

"अगं, हे... हे बाबांसाठी आहे! पंच्याहत्तरावा वाढदिवस ना त्यांचा! म्हटलं, त्यांचं इंजिन स्वतःच्या हाताने बनवून द्यावं."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत मलाही त्याचा पत्ता नव्हता. पण बायकोचा चेहरा असा काही उजळला, की वॉशरचं नावच निघालं नाही. तिने स्वतः चहा करून आणला. वर "तुम्हाला कसं सुचतं हो!" असंही म्हणाली. आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

इथे सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. ते इंजिन ड्रायव्हर होते. अख्खी नोकरी वाफेच्या इंजिनावर काढली, आणि तो रुबाब अजून उतरलेला नाही. मी गाडी चालवताना ते शेजारी बसून सबंध रस्ताभर पायाने ब्रेक दाबत असतात. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि "बरा आहे" असा शेरा मारला. त्यानंतर माझी बढती झाली, घर झालं, डोक्यावरचे केस गेले, पण 'बरा' चा 'छान' काही झाला नाही. मी बसवलेलं शेल्फ, मी लावलेला पंखा, मी काढलेला फोटो, सगळं 'बरं'. (शेल्फ पडलं, तेव्हा तेही नाही.) एकदा, फक्त एकदा, त्या माणसाच्या तोंडून 'छान' ऐकायचं, असा मी मनाशी चंग बांधला.

जेवणाचं टेबल मी ताब्यात घेतलं. घर स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहून जेवू लागलं. पहाटे उठून मी बॉयलरचे दोन भाग जुळवायचो, संध्याकाळी ऑफिसातून आलो की बूटसुद्धा न काढता चाकं जोडत बसायचो. आणि काय सांगू, काय ती मजा! तो रंगाचा वास, तुकडा तुकड्यात 'टच' करून बसतो तो आवाज! माझं वय उतरत होतं. ऑफिसात साहेबांनी फाइल मागितली तर मी "सुकली की देतो" म्हणालो. सहकाऱ्याने तब्येत विचारली तर मी म्हणालो, "बॉयलर बसला, आता चिमणी तेवढी सरळ हवी." त्याने मला दोन दिवस रजा घ्यायला सुचवलं.

एकदा शिट्टी चिमट्यातून उडाली. तांदळाच्या दाण्याएवढी शिट्टी! मी ओरडलो, "कोणी हलू नका!" बायको एक पाय उचललेल्या अवस्थेत थबकली.

"अहो, किती वेळ?"

"शिट्टी मिळेपर्यंत."

"मला ड्यूटी आहे!"

"अगं, बाबांची शिट्टी आहे ती!"

बिचारी तशीच उभी राहिली. मी टॉर्च घेऊन सगळी फरशी गालाने पुसून काढली, कपाटाखाली शिरलो, तिथे अडकलो, मग तिनेच मला पायाला धरून बाहेर ओढलं. शिट्टी माझ्या भुवईला चिकटलेली होती.

अखेर इंजिन उभं राहिलं. काळं कुळकुळीत, अंगावर लाल पट्टा, पितळी कड्या. बायकोने दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगदी बाबांचं इंजिन!" ती म्हणाली आणि डोळे पुसत ड्यूटीला गेली.

इथे थांबलो असतो तर! पण मी ते इंजिन दाखवायला दुकानात घेऊन गेलो. भिंगवाल्यांनी भिंग डोळ्यांवर ओढलं, इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि सुस्कारा टाकला.

"काम सुरेख आहे. पण हे खेळणं झालं. इंजिन कुठाय?"

"म्हणजे?"

"वेदरिंग कुठाय? धूर, काजळी, गंज! खरं इंजिन राबतं हो, मळतं. मळवता येणं हीच खरी कला. आणि मळवून झालं की वरून वॉर्निश मारायला विसरू नका, नाहीतर हात लागला की गेलं सगळं."

मला विलक्षण हुरूप चढला. घरी येऊन मी बायकोचा जुना अल्बम काढला. त्यात सासऱ्यांचा एक जुना, विटलेला फोटो आहे, इंजिनाच्या केबिनपाशी छाती काढून उभे. आणि खरंच की! त्यांचं इंजिन चांगलंच मळलेलं होतं. बॉयलरवर पिवळट ओघळ, चाकांवर करडी धूळ आणि केबिनच्या बाजूला तर अर्धगोल आकाराचा मोठा तपकिरी डाग. हा डाग बघून तर मी नाचायचाच बाकी राहिलो. वाफेची गळती! जुना सांधा! असले बारकावे टिपतो तोच खरा कलाकार!

वाढदिवसाच्या दिवशी मी रजा टाकली. बायको सकाळपाळीला गेली आणि मी भिडलो. पेन्सिलीच्या शिशाची पूड करून काजळी उडवली. स्पंजाच्या तुकड्याने पाणरंगाचे ओघळ काढले. गंजासाठी मात्र माझ्याकडच्या एकाही रंगात ती नजाकत नव्हती. घरभर शोधलं, आणि बायकोच्या ड्रॉवरमध्ये एक चपटी डबी सापडली. आत तपकिरी पुडीच्या चार छटा, अगदी गंजाच्या! (डबी कसली आहे हे बघायला वेळ नव्हता. कलाकाराला नसतो.) केबिनवरचा तो डाग तेवढा मी पक्क्या ऑइल पेंटने काढला, फोटोशी ताडून ताडून, कडेची गडद रेघसुद्धा सोडली नाही.

अहाहा! काय भयंकर घाणेरडं दिसत होतं ते! माझा ऊर भरून आला. वॉर्निशचा डबा उचलला तोच घड्याळाकडे लक्ष गेलं. सासऱ्यांना आणायला जायची वेळ झाली होती, आणि वेळेच्या बाबतीत त्यांच्याशी खेळायची सोय नाही. आल्यावर मारू वॉर्निश, असं म्हणून मी पळालो.

परत येताना सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे पायाने ब्रेक दाबले, पण मला आज त्याचंही प्रेम वाटत होतं. घरात शिरलो. बायको ड्यूटीवरून आली होती. टेबलावर पांढराशुभ्र कपडा टाकलेला आणि त्याखाली इंजिन. तिने मला दाराआड ओढलं.

"अहो, नशीब मी वेळेवर आले! एवढं सुंदर बनवलंत आणि धूळ किती बसू दिलीत त्याच्यावर! शी! मी सगळं लख्ख केलं. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, कोपऱ्याकोपऱ्यात कापूस घालून."

माझ्या पायाखालची जमीन सरकली.

"सगळं?"

"एक डाग काही केल्या निघेना. बाकी सगळं."

"अगं, ती धूळ नव्हती! ते वेदरिंग होतं! तो गंज मी एकेक कण..."

"गंज? नव्या इंजिनाला?"

"त्या चपट्या डबीतला!"

"कुठली चपटी डबी?" बायको एकदम थांबली. "माझी आयशॅडो?"

ती इतक्या हळू आवाजात बोलली, की मला कपाटाखाली परत जावंसं वाटलं. तेवढ्यात बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला, "कापडाखाली काय आहे हे? बघू?" आणि त्यांनी कपडा उचललासुद्धा.

सासरे वाकले. चष्मा पुसला, पुन्हा वाकले. इंजिन आरशासारखं चमकत होतं. माझी सगळी काजळी, सगळा गंज बेसिनमधून वाहून गेला होता. आता पुन्हा 'बरं' ऐकायचं, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"हे... हे माझं इंजिन," सासऱ्यांचा आवाज चक्क घोगरा झाला होता. "असंच असायचं. रोज गाडी सुटायच्या आधी मी स्वतः पुसायचो. लोक हसायचे मला. कोणाला कणभर काजळी दिसू दिली नाही कधी. हे एवढं लख्ख कोणी केलं?"

"मी, बाबा," बायको म्हणाली.

"छान!" सासरे म्हणाले.

मी डोळे उघडले. तो शब्द माझ्या नाकासमोरून गेला होता आणि बायकोच्या पदरात पडला होता. इतक्या दिवसांचं काम माझं, आणि 'छान' साबणाच्या पाण्याला! मी घाईघाईने पुढे झालो.

"बाबा, जोडलं मी आहे. प्रत्येक तुकडा. शिट्टीसुद्धा."

"हं. जोडणी बरी आहे," सासरे म्हणाले. त्यांनी इंजिन अलगद उचलून दुसऱ्या बाजूने फिरवलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हा डाग कसला?"

माझी छाती पुन्हा फुगली. एवढी एक तरी कला शिल्लक होती!

"वाफेची गळती, बाबा! तुमच्या इंजिनाला होती तशीच. हा बघा फोटो, तंतोतंत ताडून काढलाय."

सासऱ्यांनी अल्बम हातात घेतला. फोटो बघितला. इंजिन बघितलं. पुन्हा फोटो बघितला.

"जावईबापू, माझ्या इंजिनाला आयुष्यात गळती नव्हती. या फोटोवर मी चहाचा कप ठेवला होता."

बायकोने तोंडावर हात दाबला, पण उपयोग झाला नाही. ती हसत हसत खुर्चीवर बसली. सासरे मात्र गंभीरपणे डागावर वाकले होते. ती कपाची गोलाई, ती कडेची गडद रेघ, एका बाजूला जरा सांडलेला थेंब. त्यांनी त्यावरून हळूच बोट फिरवलं आणि मान डोलावली.

"चहा मात्र छान जमलाय हं!"

ते इंजिन आता सासऱ्यांच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात आहे. मी त्यांना वारंवार विनवलं, की डाग भिंतीकडे करून ठेवा. ते ऐकत नाहीत. कोणी पाहुणा आला की त्याला कपाटापाशी नेतात आणि मोठ्या अभिमानाने सांगतात, "इंजिन माझं, चकाकी माझ्या मुलीची, आणि डाग आमच्या जावयाचा."