उंबऱ्यावरचा नैवेद्य

एकादशीच्या सकाळी तुंगाबाईंनी पुढचं दार उघडलं, तर रांगोळीच्या ऐन मध्यावर, कमळाच्या पाकळ्यांत, एक उंदीर निजलेला होता. डोकं नव्हतं. बाकी सगळं जिथल्या तिथं होतं. शेपूट तर कुणी मुद्दाम सरळ करून ठेवावं तसं.

शेजारी बोंडा बसला होता. पिवळाजर्द, गुबगुबीत, तळणीतून नुकता काढावा तसा. पंगतीत पहिला घास घेतला जातोय की नाही हे यजमान ज्या नजरेनं पाहतो, त्या नजरेनं तो तुंगाबाईंकडे पाहत होता.

"अय्यो कृष्णा!" तुंगाबाई दोन पावलं मागं सरकल्या. "आज एकादशी रे! पाण्याचा थेंबसुद्धा नाही मला, आणि हे काय वाढलंस?"

बोंडा म्हणाला, "म्याव." म्हणजे, घ्या हो, संकोच करू नका.

बोंडा आणि त्याची तपकिरी बहीण रागी ही तुंगाबाईंची मांजरं नव्हेत. ती माडीवर भाड्यानं राहणाऱ्या अन्विताची. अन्विताला कंपनीनं कामासाठी हैदराबादला धाडलं, आणि निघताना ती दारात घुटमळली. "आज्जी, जस्ट खायला द्यायचं. ती बाहेरचीच आहेत, दिवसभर फिरतात. तुम्हाला त्रास होणार नाही, प्रॉमिस."

तुंगाबाई नाहीच म्हणणार होत्या. चामराजपुरमातलं ते कडक सोवळ्याचं घर. तिथं परकी चप्पलसुद्धा अंगणात विचारून काढावी लागे. पण नेमका तेव्हाच बेंगळूरहून मुलाचा, विजयेंद्राचा, फोन आला.

"मांजरं? आई, तुझंच तुला होत नाही, त्यात मांजरं कशाला?"

"कोण म्हणालं होत नाही?"

"गुंडेरावकाका म्हणाले. परवा तू गॅसवर दूध विसरलीस म्हणे. हे बघ, आता साकु. इकडे ये. चौदाव्या मजल्यावर किती छान वारा येतो."

साकु म्हणजे पुरे. हा शब्द विजयेंद्र लहानपणी फक्त भाताला म्हणायचा. आता आईच्या आयुष्याला म्हणू लागला होता. तुंगाबाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

"ऐक, विजू. अन्विता येईपर्यंत हे दोन जीव मी सांभाळून दाखवते. दाखवले, तर पुन्हा बेंगळूरचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर येते तुझ्या ढगातल्या घरात. तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन."

झालं, पैज लागली. अन्वितानं कॅटफूडची पिशवी पुढं केली. तुंगाबाईंनी ती दुरूनच हुंगली आणि पदर नाकाला लावला. मासळी! ती पिशवी त्यांनी काठीनं ढकलत ढकलत बाहेरच्या न्हाणीघरात नेऊन ठेवली आणि मांजरांना दूधभात सुरू केला. मांजरं खुशीत होती. मग ही एकादशी उजाडली.

उंदीर केरभरणीत घेऊन त्यांनी फणसाखाली पुरला. मग डोक्यावरून स्नान केलं. दिवसभर निराहार राहिल्या, आणि पूजेला बसल्या असताना खिडकीतून दोन चेहरे त्यांच्याकडे पाहत राहिले. ताट नाही, वाटी नाही, चूल थंड. मांजरांच्या चेहऱ्यावर काळजी दिसत होती.

दुसऱ्या दिवसापासून चातुर्मासातलं दुधाचं व्रत लागलं. महिनाभर घरात दुधाचा थेंब नाही. आता व्रत माणसाचं की घराचं, हा प्रश्न तुंगाबाईंना पडलाच नाही. त्यांच्या सासूच्या काळात घरची गायसुद्धा या महिन्यात वासरालाच काय ते दूध देई, असं त्या अभिमानानं सांगत. दही मात्र चालत होतं, म्हणून मांजरांपुढं दहीभात आला. रागीनं तो हुंगला आणि वरमाय वधूपक्षाच्या लाडवाकडे पाहते तसं पाहून ती कुंपणावरून निघून गेली.

परत आली ती खार घेऊन. आणि ठेवली कुठं? दोरीवर उंच वाळत घातलेल्या सोवळ्याच्या लुगड्यावर!

तुंगाबाईंनी लुगडं पुन्हा धुतलं, पुन्हा न्हाल्या, आणि ओलं लुगडं तसंच अंगावर घेऊन पूजा केली. दुपारी पाल आली. पुन्हा स्नान. संध्याकाळी नुसती शेपटी आली. कुणाची ते कळायला मार्ग नव्हता, पण शेपटीलाही विटाळ असतोच. पुन्हा स्नान. चौथ्या घागरीला त्यांना पहिली शिंक आली.

शेजारचे गुंडेराव निवृत्त पोस्टमास्तर. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली, आता बातम्या पोचवत. रोज सकाळी ते तुंगाबाईंच्या अंगणात पूजेची फुलं न्यायला येत. त्या सकाळी त्यांनी परडीकडे हात नेला, तर तुंगाबाई धावत आल्या आणि परडी हिसकावून छातीशी धरली.

"बेडा! नको! आज फुलं नाहीत."

"अहो, परडी भरलेली दिसतेय की."

"दिसू दे. जास्वंदीला दृष्ट लागलीय. आक्छीऽ!"

परडीत जास्वंदीखाली चिचुंद्री होती. सांगितलं असतं तर सगळं मिटलंही असतं. पण सांगणार कुणाला? गुंडेरावांना सांगणं म्हणजे विजूला तार करणं. सोवळ्याच्या घरात रोज मेलेलं जनावर, म्हणजे तुंगाबाईंना जमलं नाही, म्हणजे चौदावा मजला. मोडेन पण कुंडी उचलणार नाही, असं त्यांनी तुळशीला सांगून टाकलं.

मग त्यांनी उपाय योजला. बाळकृष्णाच्या पाळण्याची छोटी पितळी घंटी सोडली, देवाची क्षमा मागितली आणि बोंड्याच्या गळ्यात बांधली. घंटी वाजेल, उंदीर पळेल, सगळ्यांचंच भलं होईल. पण बोंडा कलावंत निघाला. घंटी वाजू न देता चालायला तो एका दुपारीत शिकला. जाताना मुका, येताना मात्र वाजतगाजत. शिकार तोंडात धरली की मान अशी झुलवायचा, जणू उत्सवमूर्ती निघालीय.

तुंगाबाई दारात उभ्या राहून त्याला सुनवायच्या. रागावल्या की त्यांच्या तोंडून ओवीच यायची. आईच्या जात्यापाशी बसून वाढलेली जीभ ती.

*उंबऱ्याच्या आत बाई, माझ्या सोवळ्याचं राज*
*मिशीवाल्या पाहुण्या रे, तुला कशी नाही लाज?*

बोंडा डोळे मिटून ऐके. त्याला ते अंगाईगीत वाटे.

शेवटी तुंगाबाई नमल्या. चिमट्यानं कॅटफूडची पिशवी फोडली, नाक दाबून बाहेरच्या फरशीवर दाणे ओतले आणि पुन्हा न्हाल्या. मांजरांनी दाणे मटकावले, मिशा पुसल्या आणि ती ढेकर देत शिकारीला गेली. तेव्हा मात्र तुंगाबाईंनी अन्विताला फोन लावला.

"गं, पोट भरल्यावरसुद्धा का आणतात ही असलं?"

पलीकडून खिदळणं ऐकू आलं. "अय्यो, सो स्वीट! आज्जी, ते तुमच्यासाठी आणतात. ज्याला स्वतःचं स्वतः खायला मिळवता येत नाही ना, पिल्लू वगैरे, त्याला ती असं आणून देतात. तुम्ही उपास केला काय? त्यांना वाटलं असेल, पापम्, बिचारी, हिला काही जमत नाही."

तुंगाबाईंनी फोन ठेवला. बराच वेळ त्या झोपाळ्याच्या कड्या पाहत बसल्या. मुलाला वाटतं, समजू शकतं, शिकलेला आहे. गुंडेरावांना वाटतं, रिकामे आहेत. पण मांजरांनासुद्धा?

"जमत नाही?" त्या उठून दारात पाल घेऊन आलेल्या बोंड्यावर कडाडल्या. "मी? या घरात बाळंतपणं केली, श्राद्धं केली, यांच्या आजारपणात दोन वर्षं रात्रंदिवस उभी होते! आणि तू मला पालीचा घास भरवतोस?"

कुंपणापलीकडे गुंडेराव उभे होते. त्यांना ना बोंडा दिसत होता, ना पाल. त्यांना दिसत होत्या त्या एकट्या तुंगाबाई, हवेशी भांडणाऱ्या.

ते तसेच मागं वळले आणि घरी जाऊन त्यांनी बेंगळूरला फोन लावला. आवाज हळू करून म्हणाले, "विजयेंद्रा, रागावू नकोस. आई दिवसातून चार-पाच वेळा न्हातात. भर दुपारी घरातून पूजेची घंटी ऐकू येते. भिंतीला पाहून गाणी म्हणतात. परवा मला म्हणाल्या, जास्वंदीला दृष्ट लागलीय. सर्दी तर आहेच, पण मला वाटतं, बाळा, ती वरपर्यंत गेलीय."

विजयेंद्र दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन हजर झाला. हातात दोन मोठ्या पिशव्या. त्यानं आईला खुर्चीवर बसवलं, स्वतः झोपाळ्यावर बसला, आणि एकेक वस्तू काढून आईच्या पायाशी मांडू लागला. पडल्यावर दाबायचं बटण असलेलं घड्याळ. वारांची नावं लिहिलेली गोळ्यांची डबी. न्हाणीघरातली रबराची चटई. मऊ जेवणाची पाकिटं, नुसतं गरम पाणी ओतायचं. गुंडेराव साक्षीदार म्हणून दाराशी उभे होते.

तुंगाबाई त्या रांगेकडे पाहत राहिल्या. तशीच मांडणी. तशीच काळजीची नजर. फक्त मिशी तेवढी कापलेली.

"आई," विजयेंद्र मऊ आवाजात म्हणाला, "हे आठवड्यापुरतं. मग तू माझ्याबरोबरच यायचं. आता हट्ट नको."

"हट्ट तुझा आहे. माझं घर आहे."

"तू दिवसाला पाच वेळा न्हातेस!"

"माझं अंग, माझी विहीर. तुझ्या चौदाव्या मजल्यावर तेवढं पाणी तरी चढतं का?"

"आणि ती घंटी? भर दुपारी?"

तुंगाबाई तोंड उघडणार, एवढ्यात घंटी वाजली. जवळ जवळ येत वाजली. गुंडेराव आनंदानं म्हणाले, "ऐक, ऐक! हीच ती!" आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तुंगाबाईंचे दोन्ही हात तर मांडीवर आहेत.

मागच्या दारानं बोंडा आला. मान झुलवत, पावलं मोजून टाकत. तोंडात घूस होती. लहानसहान नव्हे; देवराज मोहल्ल्यातल्या धान्याच्या वखारीत शोभावा असा हेग्गण, आणि चांगला जिवंत. बोंड्यानं एकदा तुंगाबाईंकडे पाहिलं. मग विजयेंद्राकडे पाहिलं. विजयेंद्र सकाळपासून जेवला नव्हता, डोळ्यांखाली काळं होतं, खांदे पडलेले होते. बोंड्यानं मनाशी काही ठरवलं, तुंगाबाईंना ओलांडून तो पुढं गेला, आणि घूस विजयेंद्राच्या पायांवर सोडली.

पुढं जे झालं ते झोपाळ्याच्या कड्यांनाच ठाऊक. विजयेंद्र दोन्ही पायांनी वर चढला, झोपाळा सुटला, आणि एका मोठ्या कंपनीतला तो मोठा साहेब दोन्ही साखळ्या धरून "आई! आई! आई!" असा हेलकावे खाऊ लागला. गुंडेराव झोपाळ्याच्या फळीवर चढायला गेले आणि रबराच्या चटईवरून घसरून जेवणाच्या पाकिटांवर बसले. घूस गोळ्यांच्या डबीवरून धावली. बुधवार आणि गुरुवार उघडून सांडले.

"सुम्ने! गप्प बसा दोघं!" तुंगाबाई म्हणाल्या.

त्यांनी कोपऱ्यातलं पितळी गंगाळ उचललं, घूस भिंतीच्या कडेनं कुठं वळणार याचा अंदाज घेतला, आणि नेमकं तिथं ते पालथं घातलं. खाली हळूच पाट सरकवला. सगळं ओझं पोटाशी धरलं, झोपाळा मागं गेल्याचं पाहून त्याखालून वाट काढली, अंगण ओलांडलं, आणि गल्लीच्या टोकाच्या नाल्यापाशी घुशीला सोडून परत आल्या. पदरसुद्धा ढळला नाही. मग विहिरीवर गेल्या आणि सावकाश, मनाजोगतं स्नान केलं. न्हाताना त्यांची ओवी आत ऐकू येत होती, आणि या खेपेला तिच्यात राग नव्हता.

*लेक म्हणे चल आई, आभाळाच्या माडीवर*
*मातीवाचून बाळा रे, कसं म्हणू त्याला घर?*

केस पुसत त्या आत आल्या तेव्हा गुंडेराव निघून गेले होते. विजयेंद्र अजून पाय वर घेऊनच बसला होता.

"ही घूस... रोज येते?"

"रोज नाही. कधी खार, कधी पाल. आणतात, मी टाकते. म्हणून न्हाते. म्हणून घंटी. म्हणून गाणी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू अजून काही आणलं असतंस."

फरशीवर सांडलेल्या गोळ्या एकेक करून पिशवीत भरायला विजयेंद्रानं हळूच एक पाय खाली टेकवला. तेवढ्यात घंटी पुन्हा वाजली, आणि पाय झटकन वर गेला.

बोंडा आला. झोपाळ्यासमोर बसला. अगदी अलगद, आजारी माणसाला पेज पाजावी तशा मायेनं, त्यानं विजयेंद्रासमोर एक नाकतोडा ठेवला. पाय मोडलेला, धड उडीही मारू न शकणारा.

तुंगाबाईंना हसू आवरेना. "अरे, घूस जमली नाही ना तुला, म्हणून सोपं आणलंय. नको म्हणू नकोस. बिचाऱ्याला वाईट वाटेल."

विजयेंद्र नाकतोड्याकडे बघत राहिला. मग बोंड्याकडे. मग आपल्या पिशव्यांकडे. हळूहळू त्याचे कान लाल झाले.

"आई," तो खाली मान घालून म्हणाला, "तू इथंच राहा."

तुंगाबाईंनी केसांचा अंबाडा घट्ट पिळून बांधला.

"मी तुला विचारलं कुठं होतं?" त्या म्हणाल्या, आणि त्याच्यासाठी भात टाकायला आत गेल्या.