हिरव्या ठिपक्याचं मटण

रामरावांनी नुसती चव पाहायचं ठरवलं होतं, एवढंच. एक तुकडा, तोही सुनेचं मन राखायला. पण माणसाचं ठरवणं त्याच्या जिभेला कोण कळवतो!

चांदूर रेल्वेपासून चार कोसांवरच्या आपल्या गावात रामराव एकेकाळी 'नळी रामराव' म्हणून प्रसिद्ध होते. (मटणाची नळी इतक्या जोरात ओढायचे की शेजारची कुत्री उठून बसायची.) मागच्या साली सप्त्यात, काल्याच्या कीर्तनात ते असे भरात आले की तीनशे लोकांसमोर उठून तुळशीची माळ घालून बसले. एकटे बसले असते तर ठीक. पण जन्माचे जोडीदार नत्थुजी शेजारी डुलत होते, त्यांनाही दंडाला धरून उभं केलं. नत्थुजी तिथंच कानात म्हणाले, "रामराव, तुह्यासाठी घालून राहिलो बरं. ज्या दिवशी तू तोडशीन, त्या दिवशी मीबी तोडीन."

तेव्हापासून गाव रामरावांना 'महाराज' म्हणू लागलं. येत्या सप्त्याचं अध्यक्षपदही त्यांनाच द्यायचं चाललं होतं. हे महाराजपण रामरावांना फार म्हणजे फारच आवडलं. घरात नियम आले. मटण शिजवायचं तर अंगणात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात. आणि आपल्यासमोर त्या पदार्थाचं नावसुद्धा काढायचं नाही! (हा शेवटचा नियम लक्षात ठेवा. त्यानंच घात केला.)

पोळा झाला, करीचा दिवस उजाडला. आमच्या वऱ्हाडात करीला ज्याच्या घरून तर्रीचा वास येत नाही, त्याच्या घरी कोण आजारी आहे म्हणून लोक विचारायला येतात. सून आरती नुकतीच अकोल्याला माहेरी जाऊन आली होती. येताना तिनं थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून पाकिटं आणली.

"मामाजी, हे सोयाचं मटण. पाहा, हिरवा ठिपका. पूर्ण शाकाहारी."

"सोया म्हंजे सोयाबीन?" रामरावांनी पाकीट उलटंपालटं केलं. "आपल्या वावरातलं सोयाबीन शहरात जाऊन बोकड होऊन वापस येते काय?"

बायको जमुनाबाई तांदूळ निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "जे सोडलं, त्याचं सोंग कायले खा लागते? मन सुटलं नाही, तर माळेनं बिचारीनं काय करावं?"

"तुले नाही समजत. पाप जिवाचं असते, चवीचं नसते," रामराव प्रवचनाच्या सुरात म्हणाले आणि ताटावर बसले.

पहिल्या घासाला डोळे मिटले. दुसऱ्याला कानामागून घाम आला. तिसरी भाकर संपताना मात्र त्यांनी तुकडा उजेडात धरून पाहिला. हे सोयाबीन नाही! सोयाबीन आपण पेरतो, आपण कापतो. सोयाबीन एवढं गुणाचं नसते. बायांनी अंगणातल्या गंजातलंच वाढलं! बाहेरचं मटण आत आलं. संपलं महाराजपण!

विचारावं कोणाला? नाव तर आपणच काढू देत नव्हतो. मुलगा शिवम पंख्याखाली पेंगत होता. जमुनाबाई अन् आरती शेजारी वाटी द्यायला गेल्या होत्या. आता खात्री करायची एकच रीत उरली. रामराव चोरपावलानं अंगणात गेले, बाहेरच्या गंजावरचं झाकण काढलं आणि एक तुकडा तोंडात टाकला.

तीच चव! अगदी तीच! खात्रीसाठी दुसरा खाल्ला. (पंचनाम्याला साक्षीदार लागतात म्हणून तिसराही.)

"महाराज!"

दारात नत्थुजी उभे होते. वासावर आले होते, हे वेगळं सांगायला नको.

"मी... मी तपासून राहिलो," रामराव भरल्या तोंडानं म्हणाले.

"कोपरापर्यंत तर्री लागली अन् तपासून राहिला काय बे!" नत्थुजींचे डोळे पाणावले; आनंदानं. "एक साल झालं, रोज वाट पाहून राहिलो तू कवा तोडतं म्हणून!" त्यांनी माळ काढली, कपाळाला लावली, खुंटीला अडकवली आणि भाकर घेऊन बसले. "तूबी काढ. खोटी कायले ठेवतं गळ्यात?"

रामरावांना खरंच गलबलून आलं. वर्षभराचा मान डोळ्यांसमोरून गेला. पण माळ काढली. मग दोघं असे जेवले की गंजाचं बूड दिसलं.

जमुनाबाई परतल्या तेव्हा खुंटीवर दोन माळा होत्या आणि चुलीपाशी दोन अपराधी.

"जमुना, मी खाल्लं," रामरावांनी मान खाली घातली. "तुमी अंगणातलंच वाढलं, तिथूनच बाटलो."

"अहो मामाजी, दोन्ही गंजांत तेच होतं!" आरती म्हणाली. "दुकानापुढे एवढी लाईन, यांचा नंबर येईपर्यंत मटणच संपलं. मग तेच पाकीट इकडेही फोडलं. तुम्हाला सांगणार होतो, पण तुमच्यासमोर नाव काढायचं नाही ना!"

नत्थुजींचा घास हातातच राहिला. "म्हंजे सोयाबीनसाठी माळ काढली म्या?"

"म्हंजे तुटलीच नाही! शाबूत!" रामरावांनी खुंटीकडे उडी घेतली. पण जमुनाबाई आधी पोचल्या.

"थांबा. खाताना काय समजून खाल्लं?"

रामरावांनी नत्थुजींकडे पाहिलं. नत्थुजींनी गंजाकडे.

"मटण," दोघं बारीक आवाजात म्हणाले.

"मंग झालं." जमुनाबाईंनी नवऱ्याची माळ डोळ्यांना लावली आणि स्वतःच घातली. "घरात एक तरी गळा खरा पाहिजे."

नत्थुजींनी आपली माळ हळूच खिशात टाकली. "जाऊ दे रामराव, मोकळे तर झालो. वैनी, उद्या खरं आणा."

"माळकरणीच्या घरात?" जमुनाबाई म्हणाल्या. "आता आंगणातबी नाही. अजून सहा पाकिटं हायेत, ते खा."

चौथ्या दिवशी सप्ता कमिटीचे पुंजाजी आले. रामराव सवयीनं टोपी नीट करत बाहेर गेले, "या, या."

"तुमी नाही," पुंजाजी संकोचून म्हणाले. "अध्यक्षपदाचं बोलाचं होतं. जमुनाबाई हायेत काय?"

रामरावांनी आत आवाज दिला आणि परत ताटावर येऊन बसले. पाकीट तेच, मसाला तोच, हातही तोच. आज मात्र ते थेट सोयाबीनसारखं लागत होतं.