साय की लोणी?

बापूकाका टिपणिसांनी एका सकाळी मला कणकेच्या हातांनीच त्यांच्या घरी बोलावून नेलं, तेव्हा मला वाटलं, कुणीतरी पडलं. पडलं कुणी नव्हतं. भिंतीवर हातभर लांबीरुंदीचे दोन चौकोन रंगवले होते आणि काका त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभे होते.

"सांग, कुठला घेऊ?"

"दोन्ही सारखेच आहेत की, काका."

मी आमटीला बासुंदी म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "उजेडात ये, मग बोल."

आम्ही दहिवलीला भिंतीला भिंत लावून राहतो, त्यामुळे हा उजेड माझ्या नशिबी पंधरा वर्षं आहे. काका साजगावच्या एका कारखान्यात होते. रंगवलेला नवा तागा आला की नमुन्याच्या जुन्या पट्टीशेजारी धरायचा आणि रंग जुळतो की नाही ते सांगायचं, हे काम त्यांनी नोकरीभर केलं. निवृत्त झाले, पण नजरेला कुणी निरोपाचा नारळ दिला नाही. बाजारात ते भाजीवालीला टोमॅटो घेऊन उन्हात यायला लावतात. माझ्या नवऱ्याच्या शर्टाची एक बाही दुसरीपेक्षा विटली आहे, हे त्यांनी त्याला आमच्याच सत्यनारायणाच्या पूजेत सांगितलं, तेही आरती चालू असताना.

या खेपेला निमित्त होतं मालूकाकूंचं. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या आठ दिवस पनवेलला मुलीकडे राहणार होत्या. काका ऑपरेशनच्या दिवशी पट्टी बांधलेल्या काकूंना भेटून परत आले ते थेट रंगाच्या दुकानात गेले. काकू यायच्या आत त्यांची खोली रंगवून, वास जाऊन, तयार व्हायला हवी होती.

दुकानातल्या कार्डावरची इंग्रजी नावं काकांना पसंत नव्हती. त्यांनी स्वतः बारसं केलं. ताक, कढी, पेज, मुगाचं कढण. एकेक बाद होत शेवटी साय आणि लोणी उरले, आणि तिथे गाडं अडलं. सकाळी आठला साय पुढे, दुपारी बाराला लोणी, संध्याकाळी पुन्हा आळीची बैठक. दूधवाल्याला तर तज्ज्ञ म्हणून खुर्ची आणि चहा मिळाला. तो बराच वेळ बघून म्हणाला, "पाणी नाय दोगांत." एवढं सांगून तो सटकला.

तुकाराम पेंटर पळसदरीकडून रोज यायचा, शिडी लावायचा आणि बसून राहायचा. तिसऱ्या दिवशी त्याचा धीर सुटला. "काका, ही भित हाय का लोणचं? किती दिस मुरवायची?"

काका आंघोळीला गेल्यावर त्या पठ्ठ्यानं दोन्ही चौकोनांवर एकाच डब्यातला हात मारला आणि मला डोळा मारून म्हणाला, "आता बगा गंमत." काका खांद्यावर पंचा टाकून बाहेर आले, दारातूनच भिंतीकडे बघितलं. "तुका, दोन्हीकडे लोणी फासलंस रं." तुकारामानं कान धरले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मात्र माझं डोकं फिरलं. मला वह्या तपासायच्या होत्या, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या होत्या. मी सरळ म्हटलं, "काका, अख्ख्या आळीला फरक दिसला नाही. काकूंना काय दिसणार आहे? लावा कुठला तरी आणि मोकळे व्हा."

काका खाली बसले. मग म्हणाले, "तेच बघायचंय मला, तिला दिसतं का ते."

गेल्या वर्षी खोपोलीला भाचीच्या लग्नात काकूंनी निळ्या साडीवर हिरवा ब्लाउज घातला होता. काका चारचौघांत हसले होते. काकू म्हणाल्या होत्या, सकाळी लाइट नव्हते. काकांनी आता तीच आठवण काढली. "डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकत जातो तसं माणसाला सगळं पिवळट दिसायला लागतं. वर्षानुवर्षं. म्हणजे तिला तो निळा दिसतच नव्हता गं, आणि मी हसत होतो. कारखान्यात माझ्या नजरेतून सुताएवढा फरक सुटायचा नाही म्हणून मिरवलं, आणि घरात शेजारी बसलेल्या बाईला काय दिसत नाही, ते मला कळलं नाही."

मघाशी आपण काय बोललो, याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी काकांनी हुकूम सोडला. तीन भिंती साय, पलंगासमोरची चौथी लोणी. तुकाराम हादरला. "लोक म्हनतील, पेंटरला रंग पुरला नाय." पण काम झाल्यावर बघितलं, तर कुणी काहीच म्हणालं नाही. मला तर चारी भिंती एकच दिसत होत्या. काका मात्र रोज त्या खोलीत जाऊन उभे राहायचे आणि येताना तोंड बारीक करून यायचे. "नाहीच दिसलं तर?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं.

रविवारी मुलगी काकूंना घेऊन आली. मी पोहे घेऊन गेले होते, खरं तर बघायलाच गेले होते. काकू पलंगावर बसल्या, काळा चष्मा काढला आणि सावकाश चौफेर बघितलं. काका त्यांच्या नजरेमागून एकेक भिंत बघत होते.

"छान झालीय की खोली," काकू म्हणाल्या. "पण अहो, समोरच्या भिंतीला रंग कमी पडला का? ती जराशी पिवळसर आहे."

"नक्की?"

"नक्की काय त्यात? दिसतंय ना."

काका एवढ्या जोरात हसले की मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली. "ऐकलंस ना तू? ऐकलंस?" ते मला परत परत विचारत होते. पोह्यांची ताटली माझ्या हातात तशीच होती.

काकूंचं मात्र आता भिंतीकडे लक्ष नव्हतं. त्या काकांकडे बघत होत्या. कपाळ, भुवया, कानामागचे केस, एकेक करून.

"अहो, एवढे पांढरे कधी झालात?" त्या हळूच म्हणाल्या. "मला न सांगता एकटेच म्हातारे झालात होय?"

काका त्यांच्याजवळ पलंगावर बसले आणि काकूंना नीट बघता यावं म्हणून त्यांनी स्वतःचा चष्मा काढून ठेवला.