वितळलं ते परत गोठवायचं नाही

आहेर सरांपुढे वाढदिवसाचा केक ठेवला तरी ते आधी विचारतात, "टिकायला काय घातलंय यात? आणि जेवणार कोण?"

प्रश्न मूळचा अँटिबॉडीचा. नाशिकच्या आमच्या लॅबमध्ये ही नाजूक, महागडी प्रथिनं थेंबाथेंबाने लागतात. त्यांत अझाइड घातलं की जंतू धरत नाहीत, ती खूप टिकतात. पण त्याच अझाइडने जिवंत पेशीही मरतात. म्हणून काही मागवायचं म्हटलं की सर चष्म्यावरून बघणार. "जेवणार कोण? मेलेल्या पेशी असतील तर घ्या अझाइडवालं. जिवंत असतील तर साधं घ्या, अन् जिवापाड जपा." ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

साधं जपणं म्हणजे आमचा जीव मेटाकुटीला. आल्या दिवशीच इवल्या नळ्यांत वाटायचं, गोठवायचं, लागेल तेव्हा एकच नळी काढायची. उरलं तर फेकायचं. "वितळलं ते परत गोठवायचं नाही!" कोणी उरलेलं गुपचूप परत ठेवलं, तर सर त्याच्याशी बोलणंच टाकायचे. वैताग नुसता.

जेवायला मात्र ते आमच्यात कधी बसले नाहीत. वहिनी गेल्यापासून तर कोपऱ्यात पाठ करून दोन घास खायचे.

परवा त्यांच्या भागात दिवसभर लाइट नव्हती. काल दुपारी आम्ही डबे उघडत होतो, तेवढ्यात सरांनी टेबलावर पिशवी ठेवली. आत झाकणाच्या इवल्या इवल्या डब्या, आणि डब्यांत कैरीचा मेथांबा.

"हिने केलेला. शेवटचा," सर म्हणाले. "टिकायला काही घालायचीच नाही ना ती. म्हणून मी वाटून घरच्या फ्रीजरमध्ये ठेवला. रविवारी एक डबी काढायचो. काल सगळ्या वितळल्या."

"परत ठेवा ना सर," मी म्हटलं. "मेथांब्याला काय होतंय?"

"नाय मॅडम. वितळलं ते..."

इतकी वर्षं ज्या वाक्याला मी वैतागले, ते काल मला ऐकवेना.

सरांनी एकेक झाकण उघडलं. शेवटची डबी तेवढी हातातच राहिली. मग खाली बघत त्यांनी विचारलं, "जेवणार कोण?"

आम्ही सगळ्यांनी पोळ्या पुढे केल्या. मी शेजारची खुर्ची ओढली. सर बसले, आणि हातातली डबी त्यांनी माझ्या पोळीवर रिकामी केली.