माझा करंट कोण पितंय?

"माझा करंट कोण पितंय?"

सकाळी पार्किंगमधून ही आरोळी आली की समजायचं, देवरे नानांची गाडी आजही सुरू झालेली नाही. दुसऱ्या कोणाची गाडी सुरू झाली नाही तर तो मेकॅनिकला फोन लावतो. नाना आधी संशयिताला हाक मारतात. संशयित ठरलेला असतो. तो म्हणजे मी.

"मॅडम! जरा खाली या! आणि येताना तुमच्या त्या डबड्याची चावी आणा!"

मला राग लवकर येतो हे आधीच सांगून टाकते. मी आठवी-नववीला गणित शिकवते, त्यामुळे हा आजार धंद्यातूनच लागलेला आहे. पण सकाळी डोक्यावर टॉवेल गुंडाळलेला असताना, गॅसवर पोहे असताना, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात कोणी मला करंटचोर म्हणत असेल, तर संतालासुद्धा राग येईल. आणि मी संत नाही.

नानांची गाडी म्हणजे क्रीम रंगाची जुनी अँबेसिडर. सातपूरच्या आमच्या सोसायटीत पार्किंगच्या अगदी दर्शनी जागेत ती वर्षानुवर्षं उभी आहे. नाना ओझरच्या विमान कारखान्यात वायरिंगच्या खात्यात होते. "मी विमानं उडवली आहेत," असं ते सांगतात. म्हणजे काय ते नीट विचारलं की चिडतात. रिटायर झाल्यापासून ते फक्त ही गाडी सांभाळतात, आणि गाडी सांभाळणं म्हणजे बॅटरी सांभाळणं असं त्यांचं मत आहे.

बॅटरीवर त्यांच्याशी बोलायचं नाही. मी एकदा बोलले आणि दूध उतू गेलं.

"बॅटरी मरत नाही, मारली जाते," हे त्यांचं पहिलं वाक्य. मग पुढे पुराणच. नव्या गाड्यांचं काय, त्यांना अल्टरनेटर असतो, उभ्या उभ्यासुद्धा बॅटरी भरतो. जुन्या गाडीला डायनॅमो. ती पळेल तेव्हाच बॅटरीच्या पोटात चार घास जाणार. उभी राहिली की उपाशी. त्यातून बॅटरीचं आयुष्य म्हणे मालकाच्या स्वभावावर असतं. शांत माणसाची बॅटरी पाच वर्षं जाते, तापट माणसाची दोन. हे सगळं ते माझ्या तोंडासमोर बोट नाचवत, कपाळाची शीर फुगवून सांगत होते. त्यांच्या गाडीत दोन दिवाळ्या पाहिलेली बॅटरी मी तरी पाहिलेली नाही.

आता माझा गुन्हा. मी बॅटरीवर चालणारी स्कूटर घेतली आणि ती नेमकी अँबेसिडरच्या शेजारी लागते, कारण ती जागा माझी आहे. झालं! नानांनी शोध लावला की दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या तर नवी जुनीचा करंट ओढून घेते.

"कशी ओढेल? मधे तार कुठे आहे?" मी विचारलं.

"तार लागत नाही. मोबाइलला तार लागते का?"

"नाना, हे विज्ञान कुठल्या कारखान्यात शिकवलं तुम्हाला?"

"मला शिकवू नका!" हे त्यांचं शेवटचं वाक्य. ते आलं की भांडण संपलं असं धरायचं आणि आपापल्या घरी जायचं. मग नाना बॅटरी काढून चार्जिंगला देतात आणि दुपारपर्यंत भरून आणतात.

मी संपूर्ण एक वर्ष हे सोसलं. स्कूटरवर ताडपत्री घालून पाहिली. नाना म्हणाले, "झाकून पितेय." स्कूटर फाटकाबाहेर लावून पाहिली. तरी गाडी सुरू होईना. तेव्हा त्यांनी लिफ्टवर संशय घेतला, मग वॉचमनच्या रेडिओवर, आणि चार दिवसांनी फिरून माझ्यावर आले. चोराच्या उलट्या बोंबा असतात हे मी वर्गात मुलांना सांगते, पण इथे चोरच सापडत नव्हता आणि बोंबा मात्र रोजच्या.

काकू, म्हणजे नानांची बायको, कधी दिसायच्या नाहीत. पूर्वी त्या जिन्यात बसून मेथी निवडायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सटाण्याच्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या. आता विचारलं की नाना म्हणायचे, "गुडघे." एवढंच. दार अर्धंच उघडायचे आणि गुडघे म्हणून लावून घ्यायचे.

अशात आमचे चेअरमन बोरसे यांनी दुसरी गाडी घेतली. रणगाड्याएवढी. ती लावायला जागा नाही म्हणताच त्यांना अचानक सोसायटीची शिस्त आठवली. मीटिंगमध्ये ठराव आला: बंद पडलेलं वाहन पार्किंगमध्ये ठेवता येणार नाही. रविवारी सकाळी कमिटीसमोर गाडी सुरू करून दाखवायची. नाही झाली तर सोमवारी द्वारकेच्या चौकातला भंगारवाला येऊन घेऊन जाईल.

"गाडी गेली तर याद राखा," नाना म्हणाले. पण नेहमीसारखे ओरडले नाहीत. हळू म्हणाले, आणि मीटिंग संपायच्या आधीच उठून घरी गेले.

ठरावाची नोटीस लावायचं काम माझं. मी सेक्रेटरी आहे, कारण निवडणुकीच्या मीटिंगला मी उशिरा पोचले आणि तोपर्यंत निवडून आले होते.

शनिवारी शाळा लवकर सुटली. एरवी दुपारी मी घरी नसते. नोटीस आणि खळ घेऊन खाली निघाले तर जिन्याच्या वळणावर नानांचा आवाज. ते त्यांच्या दाराशी उभे राहून मुलाशी फोनवर बोलत होते. मुलगा बंगळुरूला असतो.

"अरे, काल परत बसली. बसली की उतरायचं नाव नाही. जबरदस्ती केली तर रडते. आज पण बसणारच आहे. ठेव आता, उशीर होतोय."

मी तिथेच थांबले. बॅटरी बसली, म्हणजे संपली. बॅटरी उतरली, म्हणजेही संपलीच. सेल्फ मारला की रडते हे तर नाना रोज सांगतात. पण बसली आणि तरी उतरत नाही, हे कसं? गणिताच्या बाईला दोन्हीकडे सारखंच दिसेना. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बॅटरी उतरत नाही! म्हणजे ती ठणठणीत आहे, कोणी काही पीत नाही, आणि हा म्हातारा वर्षभर निव्वळ भांडायची हौस म्हणून माझ्यावर आळ घेतोय!

तळपायाची आग मस्तकात गेली. मी घरात परत आले, एक तांब्या पाणी प्यायले, तरी डोकं थंड होईना. म्हटलं, आज याला गाडीपाशीच गाठते आणि सगळ्यांदेखत विचारते.

खाली गेले. भर दुपार होती. पार्किंगमध्ये चिटपाखरू नव्हतं. आणि अँबेसिडरचे पुढचे दोन्ही दिवे ढणढण जळत होते.

मी तरातरा गाडीजवळ गेले. काच खाली होती. आत, पुढच्या सीटवर काकू बसल्या होत्या. जरीकाठाची साडी, डोक्यावरून पदर, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. डॅशबोर्डला चिकटवलेला छोटा पंखा त्यांच्या तोंडावर घरघरत होता. स्टिअरिंगवर नाना. इंजिन बंद.

"सटाणं उनं का?" काकूंनी माहेरच्या बोलीत विचारलं, सटाणं आलं का म्हणून.

"नही व. आत्ता चांदवड गेलं," नाना म्हणाले. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. या माणसाला असा आवाज आहे हेच मला माहीत नव्हतं. "आता घाट. मग देवळा. मग तुझं गाव."

"घाटमा अंधार शे. दिवे ठेव चालू."

"चालू शेतस."

मग काकूंना मी दिसले. "ही कोन शे?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. वर्षभर मला करंटचोर म्हणणारे ते डोळे हात जोडल्यासारखे झाले होते. मी कमरेवर हात ठेवून भांडायला आलेली, हातात खळीची वाटी.

"टोलनाक्यावरच्या बाई आहेत," मी म्हणाले. "जाऊ द्या तुमची गाडी."

काकू खूश झाल्या. नानांनी मान वळवली आणि बराच वेळ उजव्या काचेतून भिंतीकडे पाहत राहिले.

काकूंना झोपवून नाना वर माझ्या दाराशी आले, तेव्हा पुन्हा नेहमीचे झाले होते. कपाळाची शीर फुगलेली.

"सांगा आता सगळ्यांना! लावा नोटीस! देवऱ्याची बायको भ्रमिष्ट झाली म्हणून!"

"ओरडू नका," मी ओरडले. "मला एवढंच सांगा, खरंच का घेऊन जात नाही त्यांना? डायनॅमो पळाल्यावर भरतो ना? मग पळवा की गाडी! बॅटरीही टिकेल."

ते पायरीवर बसले. मग तुटक तुटक बोलले. मागच्या वर्षी घेऊन निघाले होते. द्वारकेच्या चौकात गाडी बंद पडली. मागे ट्रक, बस, सगळ्यांचे हॉर्न. ते उतरून बॉनेटमध्ये डोकं घालून होते, आणि वर बघतात तर पुढची सीट रिकामी. काकू उतरून माहेरच्या वाटेनं चालायला लागल्या होत्या, त्या गर्दीतून. संध्याकाळी एका रसवंतीवाल्यानं बसवून ठेवलेल्या सापडल्या.

"मी एकटा आहे, मॅडम. बॉनेट बघू का तिला बघू? त्यापेक्षा इथंच बरं. इथून ती कुठं जाणार नाही. आणि घरात नुसती रडते, गाडीत बसली की शांत होते. गाडी नेली तर मी तिला बसवू कुठं?"

"मग माझ्यावर आळ का घेत होतात? माणसानं रोज सकाळी उठून..."

"कोणाला तरी म्हणावंच लागतं ना! नाहीतर लोक विचारतात, बॅटरी का जाते. आणि तुम्ही उलट भांडता. बाकीचे 'असू द्या नाना' म्हणतात. मला नाही आवडत ते." ते उठले. "सकाळी तुमच्याशी भांडलं की दिवस जरा सुरू होतो."

मला इतका राग आला. नानांचा, बोरशांचा, त्या बंगळुरूवाल्या मुलाचा, आणि रडू येत होतं त्याचा.

रविवारी कमिटी जमली. बॅटरी चार्ज करून देणाऱ्याचं दुकान शनिवारी दुपारनंतर बंद असतं, त्यामुळे काय होणार ते मला आणि नानांनाच माहीत होतं. त्यांनी चावी फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. नाना गाडीत मान खाली घालून बसले. आरोळी नाही, काही नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"झालं," बोरसे म्हणाले. "मॅडम, लिहून घ्या, वाहन बंद."

"काय लिहून घ्या?" मी अशी कडाडले की वॉचमन खुर्चीवरून उठला. "ठरावात सुरू करून दाखवा एवढंच आहे. धक्का मारू नका असं कुठे लिहिलंय? तुम्हीच लिहिलाय ना ठराव? वाचा! आणि उभे काय राहिलात, लावा हात! सगळ्यांनी लावा!"

शाळेत हा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. बोरशांनी हात लावला. कमिटीनं लावला. नानांनी दुसरा गिअर टाकला. गाडी डुलत डुलत फाटकाकडे निघाली, नानांनी क्लच सोडला, एक आचका, आणि इंजिन खोकत सुरू झालं. फाटकापाशी नेऊन त्यांनी गाडी थांबवली. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही.

तेवढ्यात वरून आवाज आला.

"माले सोडीसन चालना का?"

काकू गॅलरीत उभ्या होत्या. साडी कशीबशी गुंडाळलेली, केस सुटलेले, हातात पर्स. सगळी सोसायटी वर बघत होती. ज्या गोष्टीसाठी नाना वर्षभर दार अर्धं लावत होते ती अशी सगळ्यांसमोर उघडी पडली.

नानांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि कोणाचीही पर्वा न करता मोठ्यांदा म्हणाले, "नही व! तुले सोडीसन कसा जासू?"

मी वर गेले, काकूंची साडी नीट केली, केस बांधले, त्यांना हाताला धरून खाली आणलं. बोरशांनी पुढचं दार उघडलं. काकू बसल्या आणि म्हणाल्या, "चाल."

नाना हलेनात. रस्त्याकडे बघत राहिले. ते कसल्या विचारात आहेत ते मला बरोबर कळलं.

मी मागचं दार उघडून बसले आणि धाडकन लावून घेतलं.

"निघा आता. कुठे बंद पडलीच तर तुम्ही बॉनेट बघा, मी काकूंना बघते. आणि वाटेत उगाच ब्रेक मारू नका."

"मला शिकवू नका!" नाना खेकसले.

"अहो, पण निघालात कुठे?" बोरशांनी विचारलं.

"सासुरवाडीला!" नाना ओरडले. "परवानगी लागते का?"

आणि त्यांनी पहिला गिअर टाकला.