खेळाचं पान आणि पांडूमामा

पांडूमामा म्हात्रे गणपतीला वाटेल त्या कागदात गुंडाळतील, पण खेळाच्या पानात गुंडाळणार नाहीत. सणाआधी पेणजवळच्या आमच्या हमरापुरात, मूर्तिकारांच्या गावात, घरोघरी रद्दीचे ढीग पडतात, कारण टेम्पोत मूर्ती चढवायची तर सोंडेपासून मुकुटापर्यंत कागद लागतो. मामा एकेक पेपर उलगडतात, खेळाचं पान ओढून बाजूला काढतात आणि मगच बाकीचा वापरतात. एकदा मी मदतीला बसलो होतो तेव्हा चुकून तेच पान एका मूर्तीला लावलं. मामांनी ते सोडवलं, मूर्तीपुढे हात जोडले आणि माझ्यावर डोळे वटारले.

"मास्तर, बाप्पाच्या अंगाला खोटं लागाया नको."

मी त्यांचा शेजारी आणि गावच्या शाळेतला मास्तर. फुटबॉलमधलं मला इतकंच कळतं की बावीस जण एका चेंडूमागे धावतात आणि मिळाला की लगेच लाथ मारून घालवतात. तरी तीन वर्षं पेपराच्या संपादकांना मामांची पत्रं मीच लिहून देतोय. मामांचं अक्षर वाईट आहे असं नाही. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा माणूस तो, पापणीची रेघ एका श्वासात ओढतो. पण त्यांचं म्हणणं, मास्तरचं अक्षर बघून संपादक घाबरतो. आता काय बोलायचं! मला चौथीतली पोरं घाबरत नाहीत.

भांडण आहे ते पेपराच्या वार्ताहराशी. वार्ताहर पेणचा, पण बायको रोह्याची. मामा त्याचं नाव घेत नाहीत, 'रोह्याचा जावई' म्हणतात. रोहा जिंकलं की याच्या बातमीत 'दणदणीत विजय', पेण जिंकलं की 'पेणला नशिबाची साथ'. रोहा हरलं तर 'झुंजार लढत', पेण हरलं तर 'पेणचा धुव्वा'. एकदा सामना बरोबरीत सुटला, तर मथळा काय, 'रोह्याने पेणला रोखले'!

"आन् पेणनं कोणाला रोखलं?" मामा कडाडले. "म्हशीला? लिवा मास्तर! सासूच्या हातचं मटण खातो नि सासऱ्याचे गोल लिवतो, आसं लिवा!"

मी लिहिलं, 'आपले प्रतिनिधी निःपक्षपाती नसावेत अशी शंका येते.' मामांनी वाचून घेतलं.

"मटण कुठं गेलं?"

पत्र कोणत्याही सामन्याचं असो, शेवटची ओळ ठरलेली. 'ती पेनल्टी विनायक पांडुरंग म्हात्रे याने अडवली होती, कृपया तसे छापावे.' विनू म्हणजे मामांचा मुलगा, पेणचा गोलकीपर. तीन वर्षांपूर्वी पावसाळी स्पर्धेची फायनल होती, पेण आणि रोहा. पेण एका गोलने पुढे आणि शेवटच्या मिनिटाला रोह्याला पेनल्टी मिळाली. मामा छत्री मिटून गोलच्या मागेच उभे. विनूने झेप घेतली, बोटाच्या टोकाने चेंडू ढकलला, तो गोलपोस्टला लागून बाहेर गेला आणि विनूचा हातही तसाच पोस्टवर आदळला. पेण जिंकलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'रोह्याची पेनल्टी दुर्दैवाने पोस्टवर, पेणला नशिबाची साथ.' विनूचं नाव कुठेच नाही. गावातली माणसंसुद्धा मग पोस्टचंच कौतुक करायला लागली. पेपरात आलंय म्हटल्यावर काय!

बोट मोडलं होतं, उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. जुळलं ते वाकडं जुळलं. आणि कुंचला धरायला नेमकं तेच लागतं. विनू मामांच्या शेजारी पाटावर बसून आखणी शिकत होता, हात बापाच्या वळणावर गेलेला. आता पापणीची रेघ थरथरायला लागली. चार-पाच महिने त्याने निकराने प्रयत्न केला, मग एक दिवस कुंचला धुऊन ठेवला. रोह्याला कंपनीत शिफ्टवर लागला आणि तिथंच खोली घेऊन राहिला. त्याचा पाट मामा अजून रोज पुसतात. मी एकदा त्यावर बसलो तर म्हणाले, "मास्तर, खुर्ची देतो तुमाला."

"पोराचं बोट गेलं," असं मामा एकदाच बोलले माझ्याजवळ, "आन् शाबासकी पोस्टला!"

यंदा गंमत झाली. विनू रोह्याच्या संघातून उतरला आणि सामना पेणशी, पेणच्याच मैदानावर. मामांची पुरी पंचाईत. "तुम्ही कोणाकडून?" असं मी मुद्दाम विचारलं. "मी खेळाकडून," असं ठसक्यात सांगून ते रोह्याच्या गोलमागे जाऊन उभे राहिले. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या तशी छत्री घेऊन चिखलातून पलीकडच्या गोलमागे गेले.

विनूने चार गोल अडवले. चारही असे की मलासुद्धा कळले. आणि मग एक साधा, लोळत येणारा चेंडू त्याच्या हातातून निसटला आणि आत गेला. पेण जिंकलं! लोक नाचायला लागले. मामांनी सवयीने टाळीला हात उचलले होते, ते तसेच राहिले.

विनू बाहेर आला तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "जेवून जा रे."

"नको बाबा, शिफ्ट हाय," म्हणाला आणि मान खाली घालून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पेपर घेऊन माझ्या दारात. मी मोठ्याने वाचलं. 'चेंडू अचानक उसळल्याने रोह्याचा गोलरक्षक विनायक म्हात्रे याचा नाइलाज झाला. तत्पूर्वी त्याने चार निश्चित गोल अडवले. पेणला नशिबाची साथ.'

मी उडालोच. "सापडला, मामा! सापडला जावई! घोटाभर चिखल होता, त्यात चेंडू उसळतो कसा? आज मटण घालूनच लिहितो!" आणि पेनचं टोपण काढून 'संपादक महोदय' लिहिलंसुद्धा.

मामा उंबऱ्यातच उभे. "चार अडवले ते खरं हाय."

"ते खरंच. पण उसळला हे..."

"नको मास्तर. ऱ्हाऊ द्या."

"अहो, का पण?"

"उसळला आसंल."

"चिखलात?"

"तुमाला फुटबॉलातलं काय कळतं!" असं माझ्यावरच खेकसून, माझ्या हातातला पेपर घेऊन ते निघून गेले.

मला रागच आला. तीन वर्षं सत्यासाठी या माणसाने माझं डोकं खाल्लं आणि आता चेंडू चिखलात उसळतो? जाब विचारायचा म्हणून चहा संपवून मी त्यांच्या मूर्तींच्या कारखान्यात गेलो.

मामा विनूच्या गणपतीसमोर बसले होते. दर वर्षी एक वीतभर मूर्ती रोह्याला त्याच्या खोलीवर जाते, आणि तिची आखणी मामा सगळ्यात निवांतपणे करतात. मूर्ती गुंडाळून झाली होती, आणि सगळ्यात वर आजचं खेळाचं पान होतं!

"मामा! बाप्पाच्या अंगाला खोटं?"

"अंगाला कुठं लागलंय?" त्यांनी कागदाचं टोक उचलून दाखवलं. "आतून बाजारभावाचं पान लावलंय. हे वरून हाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरगा पेपर घेत नाय, मास्तर. चुकला म्हणून तोंड पाडून गेलाय. कागद सोडताना वाचंल."

माझा राग कुठच्या कुठे गेला. मी खाली बसलो आणि सुतळीचं रीळ उचललं. मामांनी मूर्ती दोन्ही हातांनी धरली, मी सुतळी फिरवायला लागलो. एक वेढा झाला, दुसरा घेतला, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"जरा खालून घ्या, मास्तर. नावावरून नको."